घराला लागेल तेवढं वय

माझं वय आईनं तीनदा बदललं आणि तिन्ही वेळा मी शेजारीच उभी होते. पहिल्यांदा दहाची तेरा झाले, कारण शाळेतून काढायचं होतं. मग चौदाची असताना उज्जैनच्या गाडीत अकराची झाले, कारण अर्ध्या तिकिटात जायचं होतं. त्या दिवशी आईनं माझ्या दोन वेण्या वर दुमडून लाल रिबिनी बांधल्या आणि बजावलं, टीसी आला की खिडकीबाहेर बघत बस, उठून उभी राहू नकोस. तिसऱ्यांदा लग्नाच्या वेळी, विसाची अठरा. नवऱ्याकडच्यांनी विचारलं तेव्हा आईनं बोटांवर मोजल्यासारखं केलं आणि अठरावरच थांबली. मुलीचं वय घराला लागेल तेवढं असतं, हे मी तिच्याकडून शिकले. गाडीची आणि लग्नाची गोष्ट मी पुष्कळदा हसत सांगितली आहे. पहिली गोष्ट हसत सांगणं मला कधी जमलं नाही.

लश्कर या जुन्या छावणीच्या वस्तीत एका लांब ओळीत भाड्याच्या दहा-बारा जोडखोल्या होत्या, त्यातली एक आमची. पणजोबा फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आले असं बाबा सांगायचे. आमच्या वाट्याला त्यातलं फक्त आडनाव आलं. बाबा गिरणीत रंगखात्यात होते. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे आणि कितीही घासले तरी नखांच्या कडांत रंग राहायचाच. वरण-भात कालवताना ती नखं भातात शिरायची ते बघून मला लहानपणी किळस यायची, हे आज लिहायला हरकत नाही. गिरणीचा भोंगा झाला की ओळीतल्या सगळ्या चुली एकदम पेटायच्या. पहाटे हापशाचा आवाज, मग भोंगा, मग बाबांचा खोकला. हा क्रम मोडला तर घरात काहीतरी बिनसलं आहे असं समजायचं. मी नऊ वर्षांची असताना खोकला भोंग्याच्या आधी येऊ लागला. मग बाबा महिन्यातले दहा-बारा दिवसच कामावर जाऊ लागले आणि आईनं मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायचं काम धरलं.

वसतिगृहात आजूबाजूच्या गावांतून शिकायला आलेल्या साठ मुली होत्या. आई सकाळी सातला जायची, दुपारी तीनला यायची, पुन्हा पाचला जायची. येताना फडक्यात उरलेल्या पोळ्या आणायची. त्या पोळ्यांना एक वेगळाच वास असायचा, हिंगाचा, कोळशाचा आणि कोणाच्या तरी ताटाचा. आम्ही त्या तव्यावर पाण्याचा हबका मारून गरम करायचो आणि कांदा-तिखटाबरोबर खायचो. आई त्या मुलींच्या गोष्टी सांगायची. अमकी पहाटे चारला उठून वाचते, तमकीला डॉक्टर व्हायचं आहे, एक बिचारी भूगोलात नापास झाली म्हणून दोन दिवस जेवली नाही. आई त्यांच्याबद्दल फार कौतुकानं बोलायची. त्यांच्यासाठी पोळ्या लाटायला जाता यावं म्हणून तिला माझी शाळा सोडवावी लागणार होती, पण ही गोष्ट ती त्या कौतुकाजवळ फिरकू द्यायची नाही. माझा भाऊ सुरेश तेव्हा दहा महिन्यांचा होता. त्याला कोणाजवळ तरी ठेवायलाच हवं होतं.

मी चौथी पास झाले होते, वर्गात दुसरी आले होते. जुलैत शाळा उघडली आणि मी गेले नाही, तेव्हा आठवड्यानं आमच्या कानडे बाई घरी आल्या. पांढरं पातळ, हातात छत्री. आईनं त्यांना पाट दिला, पण त्या उभ्याच राहिल्या.

"यमुनाबाई, पोर हुशार आहे. पाचवी होऊ द्या. निदान प्राथमिकचा दाखला तरी मिळेल."

"बाई, आता तिला कसली शाळा? मोठी झाली ती."

"मोठी कशानं? दहा वर्षांची तर आहे."

"तेरा पूर्ण झाली," आई म्हणाली.

"अहो, माझ्या रजिस्टरात दहा आहे."

"रजिस्टरात तिच्या बापानं लिहिलं. पोट माझं होतं."

बाबा आतल्या खोलीत खाटेवर होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. ते खोकलेसुद्धा नाहीत. कानडे बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय गं कुसुम, किती वर्षांची तू?" मी आईकडे पाहिलं. आई मला म्हणाली, "ती कळशी उचल बरं." हापशावरून भरून आणलेली पितळेची कळशी दाराशी होती. एरवी ती आईच उचलायची. मी एकदाच प्रयत्न केला होता आणि अर्धी सांडली होती, त्याबद्दल मार खाल्ला होता. त्या दिवशी मी पदर नसताना पदर खोचल्यासारखं केलं, गुडघे वाकवले, कळशी कमरेवर घेतली आणि चुलीपर्यंत जाऊन खाली ठेवली. एक थेंब सांडला नाही. मला इतका अभिमान वाटला की मी वळून बाईंकडे हसून पाहिलं.

"बघा," आई म्हणाली. "दहा वर्षांची पोर उचलेल का एवढी?"

कानडे बाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली, "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. एवढंच. मी सही केली असती तरी इतकं पक्कं झालं नसतं. लोक म्हणतात, त्या काळी मुलींना विचारत नसत. मला विचारलं होतं. उत्तर मी कमरेवर घेऊन चुलीपर्यंत नेलं.

त्यानंतरची तीन वर्षं म्हणजे सुरेश. त्याला कडेवर घेऊन मी ओळीच्या टोकाला उभी राहायची. शाळा समोरच्या गल्लीत होती आणि पाचवीचा वर्ग रस्त्याच्या बाजूला. मुली पाढे म्हणायच्या ते स्पष्ट ऐकू यायचे. एकोणतीसचा पाढा मला असाच पाठ झाला, तिसाचा मात्र नाही, कारण त्या वेळेला सुरेश भुकेनं रडायला लागायचा आणि मला घरात जाऊन त्याला भाताची पेज भरवावी लागायची. तो फार रडका होता. मी त्याला चिमटे काढले आहेत, दोनदा तर अंगावर वळ उठेपर्यंत. आईनं विचारलं की सांगायची, ढेकूण चावला. पुढे तो शिकला, सरकारी खात्यात ओव्हरसियर झाला, आता दोन मजली घर आहे त्याचं. लग्नकार्यात चार लोकांत उभा राहून सांगतो, "ताईनं मला वाढवलं." लोक माना डोलावतात. मला तेव्हा तिथून उठून जावंसं वाटतं.

हे सगळं मी माझी नात रेवा हिला पुष्कळदा सांगितलं आहे. तिला सांगताना आईला जराही सोडलं नाही. रेवा लहानपणापासून ही गोष्ट मागून घ्यायची आणि कळशीच्या ठिकाणी आली की तिचे डोळे मोठे व्हायचे. "तुझी आई कित्ती बुरी होती यार, आजी. तू बोलली का नाही? मी असते ना, तर ती मटकी तिथंच पटकून दिली असती." मला बरं वाटायचं. साठ-पासष्ट वर्षांनी का होईना, कोणीतरी माझ्या बाजूनं भांडत होतं.

आता जहाजाचं सांगते. गेल्या हिवाळ्यात माझा मुलगा अविनाश आणि सून मंजिरी यांच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली. अविनाश सिटी सेंटरला बँकेत आहे, आम्ही दर्पण कॉलनीत राहतो. त्यानं ठरवलं की मुंबईहून जहाजानं गोव्याला जाऊन परत यायचं. चार रात्री, पाचव्या दिवशी सकाळी उतरायचं. रेवा तेव्हा बारा वर्षं दोन महिन्यांची होती, तिचा भाऊ निशू आठ वर्षांचा. मला जायचं नव्हतं. मंजिरी म्हणाली, "आई, तुम्ही चला हो, मुलांना बरं पडेल." मुलांना बरं पडेल म्हणजे काय ते मला समजतं. पण गेले.

जहाज म्हणजे पाण्यावरची इमारत. आत लिफ्ट, गालिचे आणि चोवीस तास काहीतरी तळल्याचा वास. चढल्यावर दोन तासांत मला वरच्या डेकवर मागच्या बाजूला एक जागा सापडली. सावलीत आरामखुर्ची, समोर पाणी. एक पोऱ्यागत दिसणारा वेटर चहा आणून देऊन निघून जायचा, पुन्हा काही विचारायचा नाही. मी तिथं तासभर बसले आणि मला लक्षात आलं की या तासाभरात मला कोणी हाक मारली नाही. दूधवाला नाही, मोलकरीण नाही, निशूचं दप्तर नाही, अविनाशची बीपीची गोळी नाही. पंचाहत्तराव्या वर्षी मला हे पहिल्यांदाच मिळत होतं. आणखी तीन दिवस तिथंच बसायचं असं मी ठरवून टाकलं.

संध्याकाळी मुलांची नावं नोंदवायला आम्ही सगळे खाली गेलो. जहाजावर मुलांसाठी वयाप्रमाणे गट असतात. तीन ते सहा, सात ते अकरा, आणि बारा ते सतरा. प्रत्येकाची खोली वेगळी, मनगटाला बांधायच्या पट्टीचा रंग वेगळा. सात ते अकरावाल्यांची निळी, मोठ्यांची पिवळी. मोठी मुलं आपल्या मर्जीनं यायची-जायची. लहानांना आत एकदा सोडलं की आईबापानं सही करून न्यायचं, तोवर दार बंद. टेबलापाशी बसलेली मुलगी हसून म्हणाली, "बारह पूरे हैं ना? तो ये बड़ों में जाएगी। छोटे भाई के साथ रखना हो तो भी चलेगा, बस पेरेंट का साइन चाहिए। छोटे को ऊपर नहीं भेज सकते।"

रेवानं आधीच जाऊन मोठ्यांची खोली बघितली होती. तिथं शेवटच्या दिवशी मुलं स्वतः नाटक बसवून सगळ्या प्रवाशांसमोर करणार होती. ती मनगट पुढे करून उभीच होती.

अविनाश म्हणाला, "थांब जरा. सतरा वर्षांचे घोडे आहेत तिथं."

"पापा, मुलीपण आहेत. मी पाहिल्या. एक तर सेव्हन्थमध्येच आहे, माझ्यासारखी."

"आणि निशूचं काय? तो नवीन ठिकाणी एकटा बसेल का दहा मिनिटं? रडून गोंधळ घालेल."

निशूनं तेवढ्यात रेवाचा कुर्ता धरला होता. त्याला खरंच एकट्याला बसवत नाही.

मंजिरी म्हणाली, "अहो, बारा पूर्ण झाली ना ती. त्यांचाच नियम आहे. जाऊ दे तिला. निशूला आपण बघू काहीतरी."

"आपण म्हणजे कोण? उद्या डिनरचं बुकिंग आहे, परवा तो शो आहे. कोणीतरी बसावं लागेल त्याच्याजवळ केबिनमध्ये."

कोणीतरी म्हटल्यावर दोघंही क्षणभर माझ्याकडे बघायचं टाळून इकडेतिकडे बघू लागले. रेवा मात्र सरळ माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "पापा, मी तिथं बेबीज़ के साथ बैठूँ? ते लोक फिश कलर करून राहिले होते! तुम्ही आजीला विचारा. आजी सांगेल ते फायनल."

"ठीक," अविनाश म्हणाला. "आई, सांग तू. तू म्हणशील तसं."

मला आठवतं, रेवाच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. खटला जिंकल्यासारखी ती हसत होती. तिला वाटलं, जिची शाळा भावापायी गेली ती बाई दुसरं काय सांगणार. आणि मी वरच्या डेकवरच्या खुर्चीचा विचार करत होते. सतरा वर्षांच्या मुलांची भीती मला वाटली नव्हती, खोटं कशाला सांगू. मी पाहिली होती ती मुलं, निम्मी तर मोबाइलमधून मान वर काढत नव्हती. मी फक्त एवढाच हिशेब केला की रेवा मोठ्यांत गेली तर निशू माझ्या पदरात पडतो.

मी म्हणाले, "बारा म्हणजे काही फार मोठी झाली नाही. निशूबरोबर ठेवा. तीन दिवसांनी काय बिघडतंय?"

मंजिरी म्हणाली, "आई, तुम्ही?" अविनाशनं लगेच सही केली. रेवानं हात मागे घेतला नव्हता, पुढे केलेला तसाच होता. टेबलापाशी बसलेल्या मुलीनं त्यावर निळी पट्टी बांधली.

मी दोन दिवस खुर्चीवर बसले. चहा चांगला होता. कोणी हाक मारली नाही. मला तिथं बसून फार वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते चांगलं दिसेल, पण तसं झालं नाही. पहिला दिवस मी अगदी सुखात काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी गुडघ्याचं औषध आणायला खाली केबिनमध्ये गेले, तेव्हा वाटेत त्या लहानांच्या खोलीची काच लागली. आत बुटक्या खुर्च्या होत्या. रेवा त्यातल्या एकीवर बसली होती, गुडघे हनुवटीला लागलेले. समोर माशाच्या आकाराचे तळलेले बटाटे आणि पातळ पास्ता. निशूनं तोंडाला वाघाचा रंग लावून घेतला होता आणि तो डोळ्यांत गेला म्हणून रडत होता. रेवा ओल्या कागदानं त्याचा डोळा पुसत होती. घाई नाही, चिडचिड नाही. हात अगदी सरावल्यासारखा चालत होता. तेवढ्यात तिथली ताई मुलांना रांगेनं तोंड धुवायला बाहेर घेऊन आली आणि समोरून पिवळ्या पट्टीवाल्या चार-पाच मुली येत होत्या, हातात नाटकाचे पुठ्ठ्याचे मुकुट. त्यातली एक रेवाला म्हणाली, "अरे, तू परसों आई थी ना देखने? किस ग्रुप में है?" रेवानं बाही ओढून पट्टीवर घेतली. "नहीं, मैं तो बस भाई को छोड़ने आई हूँ," असं म्हणाली आणि रांगेतून बाजूला सरकली. त्या मुली गेल्यावर पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

मी तशीच टेबलापाशी गेले. तिथल्या मुलीला विचारलं, गट बदलता येतो का. ती म्हणाली, "हाँ आंटी, कभी भी. पापा का साइन ले आइए." मी अविनाशला शोधून काढलं, तो पोहायच्या तलावाशी बसला होता. त्याला म्हटलं, सही कर, निशूजवळ मी बसते. त्यानं कारणसुद्धा विचारलं नाही, सही करून दिली. इतकं सोपं होतं ते. कागद घेऊन मी रेवाला दाराशी बोलावलं. निशू तिच्या पाठोपाठ आलाच.

"चल," मी म्हणाले. "तुला वर पाठवते. मोठ्यांत. निशूला मी बघते."

"आता नको, आजी."

"अगं, सही आणली आहे. बघ."

"उद्या त्यांचं नाटक आहे. सगळे रोल दिले गेले. परवा सुबह तर उतरायचंच आहे. मी तिथं जाऊन काय करू, परदा पकडू?"

"मग पडदा धर. पण जा."

ती कागदाकडे बघत होती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं निशूच्या गालावरचा राहिलेला नारंगी रंग अंगठ्यानं पुसला, आणि मला सगळं समजावून घ्यायचं आहे अशा आवाजात, शाळेत शंका विचारतात तशी, विचारलं,

"आजी, तुझ्या आईला तर कामावर जायचं होतं ना? तुला कुठं जायचं होतं?"

तिनं क्षणभर वाट पाहिली, खरंच वाट पाहिली. मग तिथल्या ताईनं नावं घ्यायला सुरुवात केली तशी ती निशूचा हात धरून आत गेली.

त्यावरून आईचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. आईनं केलं ते वाईटच होतं आणि तिला मी माफ केलेलं नाही. पण रेवानं त्यानंतर कळशीची गोष्ट कधी मागितली नाही, आणि मी आपण होऊन सांगायला गेले नाही. तिच्याकडे बघत ती सांगायला आता मला तोंड नाही, म्हणून इथं लिहून ठेवली.